मिरवणुकीचे फोटो फोनवर झळाळतात, लॅपटॉपवर मलूल. एचडीआर (झगझगीत उजेड आणि गडद अंधार दोन्ही दाखवणारा) मॉनिटर घेऊ का?

पेठेतला_कॅमेरा
मंडळी, जरा सल्ला हवाय. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर काढलेले फोटो फोनवर बघितले की रथावरचे दिवे खरंच पेटलेत असं वाटतं, मूर्तीच्या मुकुटाची चमक पण, आणि तेच लॅपटॉपवर घेतले की दिव्यांचे नुसते पांढरे ठिपके. फोन अँड्रॉइड १४ वाला आहे. दुकानदार 'डिस्प्लेएचडीआर ४००' लिहिलेला मॉनिटर गळ्यात मारतोय, बजेटमध्ये बसतो, घेऊन टाकू? शिवाय मंडळाला अल्बम छापून द्यायचाय.

कोथरूडकर_७२
फोटो बिघडलेले नाहीत, काळजी सोडा. २०२३ ला अँड्रॉइड १४ सोबत अल्ट्रा एचडीआर आलं, त्यात फाइल साधी जेपेगच असते पण आत गेन मॅप असतो, म्हणजे कुठला भाग किती उजळवायचा याचा नकाशा. एचडीआर स्क्रीन तो वाचून दिवे वर नेते, जुनी स्क्रीन नुसता साधा फोटो दाखवते. एकच फाइल दोन्हीकडे चालते, या सगळ्या बदलातली मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते, जुन्या स्क्रीनवाल्यांना कुणी वाऱ्यावर सोडलं नाही. फक्त ओरिजिनल फाइल जपा, जुन्या सॉफ्टवेअरमधून सेव्ह केली की नकाशा उडू शकतो.

रात्रपाळी_एडिटर
४०० वाला नका घेऊ, कळकळीने सांगतो. नेहमीचा एसडीआर (एचडीआर नसलेला साधा) व्हिडिओ १०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) धरून ग्रेड करतात, म्हणजे त्याचे रंग-उजेड ठरवतात, एचडीआर बहुतेक वेळा १००० धरून, आणि पीक्यू नावाचं एचडीआरचं स्टँडर्ड तर १०,००० पर्यंत जातं, त्यापुढे मॉनिटरचे ४०० निट्स म्हणजे काय ते बघा. आणि खरा प्रश्न उजेडाचा नाहीच, अंधाराचा आहे. स्वस्त पॅनेलमध्ये बऱ्याचदा लोकल डिमिंग (पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करायची सोय) नसतं, मग दिवा उजळवायला अख्खा बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) वर जातो आणि रात्रीचं काळं आभाळ राखाडी होतं, तुमच्या फोटोंची तर सगळी मजा त्या काळ्यातच आहे ना. ओएलईडी (यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो-विझतो) बघा, नाहीतर भरपूर झोनवाला, म्हणजे वेगवेगळे मंद होणारे भाग असलेला, मिनी-एलईडी. पेनड्राइव्हवर स्वतःचे फोटो घेऊन जा, विंडोजमध्ये एचडीआर चालू करायला लावा, क्रोममध्ये उघडा. दुकानातल्या डेमो व्हिडिओवर जाऊ नका, तो कुठेही छानच दिसतो.

कोथरूडकर_७२
+१. आणि अल्बमसाठी मॉनिटरचा उपयोग नाही, कागद स्वतः उजेड देत नाही, त्याचा पांढरा हीच हद्द. छपाईची कॉपी एसडीआरमध्येच वेगळी करा, दिवे थोडे खाली ओढून.

पेठेतला_कॅमेरा
मनापासून आभार. ४०० वाला रद्द. आधी अल्बम उरकतो, मॉनिटरचं दिवाळीनंतर. ओएलईडीवर दिवसभर एक्सेल उघडं राहिलं तर डाग पडतात का?

रात्रपाळी_एडिटर
शक्यता असते. ऑफिसचं काम त्यावरच करणार असाल तर मिनी-एलईडी घ्या.