लहान मुलांची प्रार्थना: तुमचे अनुभव लिहा

सलाम मंडळी. गेल्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेतली मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना मुलांवर सोपवली. पहिलीतली एक मुलगी स्टुलावर चढली, दोन्ही हातांनी माईक धरला आणि म्हणाली, "प्रभू, आमच्या नळाला दिवसा पाणी सोड. आजी रात्रभर जागते." सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी मध्यरात्री, हे आपल्याला सांगायला नको. पण आम्ही मोठी माणसं दर रविवारी देशासाठी, जगासाठी मागतो. ही जागणारी आजी आमच्या एकाही प्रार्थनेत नव्हती. ती मागच्याच बाकावर बसली होती. उपासना सुटल्यावर तरुण संघातल्या दोघांनी तिच्या हंड्यांची पाळी वाटून घेतली.

तुमच्या घरातलं, मंडळीतलं (चर्चमधलं) असं काही असेल तर लिहा. उत्तर मिळालं नाही तेही लिहा.

शब्बाथ शाळेची ताई
मी अकरा वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेते. सुरुवातीला मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्यायची. एकदा बायबलमधल्या शमुवेलाचा धडा होता. तो लहान शमुवेल हाक ऐकून तीनदा एली याजकाकडे (पुरोहिताकडे) पळतो, आणि हाक देवाची आहे हे म्हाताऱ्या याजकाला तिसऱ्या वेळी उमगतं. "बोल, तुझा दास ऐकत आहे," हे मी मुलांकडून म्हणून घेतलं. लगेच एकानं विचारलं, "ताई, मग आता गप्प बसायचं ना?" मला हे सुचलंच नव्हतं. बसलो. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. थोड्या वेळानं एक मुलगा उठला, दप्तरातून चित्रकलेची वही काढली, शेजारच्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "तुझीय. मी घेतलेली." वहीवरचं नाव खोडरबरानं घासून घासून कागद पातळ झाला होता. त्या दिवसापासून आमच्या वर्गात आधी गप्प बसतो, मग प्रार्थना.

यंत्रमागावरचा एक बाप
माझे वडील आजारी होते तेव्हा माझी मुलगी रोज गुडघे टेकायची. वडील गेले. मातीच्या दिवशीच एकानं तिला म्हटलं, "विश्वास कमी पडला असेल." सात वर्षांचं लेकरू! त्या माणसाचं नाव घेत नाही, पण तो घाव मी अजून विसरलेलो नाही. शिष्यांनी लेकरांना आणणाऱ्यांना दटावलं तेव्हा येशूला राग आला, असं मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. ते वचन मला त्या दिवशी कळलं. पोरगी दोन दिवस प्रार्थनेला बसली नाही. आम्ही जबरदस्ती केली नाही. तिसऱ्या रात्री अंथरुणातूनच म्हणाली, "येशू, आबा तुझ्याकडं आलेत. त्यांना कडक भाकरी देऊ नको, दात नाहीत. दुधात कुस्करून दे." मी आणि बायको अंधारात नुसते पडून राहिलो. वडील गेल्यावर मी तोपर्यंत रडलो नव्हतो.

विड्या वळणारी आई
आमच्या घरी तेलुगू. पोराला भीती, मंडळीत मराठी चुकलं तर? मी सांगितलं, जे येतंय ते बोल. त्यानं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोललं आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पाळकीणबाई
सगळं वाचून भरून आलं. एक काळजी मात्र सांगते. मुलांची प्रार्थना हा कार्यक्रम होऊ देऊ नका. टाळ्या वाजवल्या, मोबाईल समोर धरले की पुढच्या वेळी मूल देवाशी न बोलता आपल्याशी बोलतं. मंदिरात मुलं येशूला पाहून 'होसान्ना' असा जयघोष करत होती तेव्हा मुख्य याजक चिडले. येशूनं 'बाळांच्या मुखातून स्तुती' या आठव्या स्तोत्रातल्या वचनाची आठवण देऊन मुलांची बाजू घेतली, पण त्यांना पुढे आणून उभं केलं नाही. नामान सेनापतीच्या घरच्या त्या दासी मुलीचं तर नावही शास्त्रात नाही. परक्या देशात धरून नेलेली पोर. "शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे जा" एवढंच ती धनिणीला म्हणाली, आणि कुष्ठी सेनापती बरा झाला.

आमच्याकडे मुलं आता बाकावर बसूनच, जागेवरून प्रार्थना करतात. माईक नाही. ऐकू यावं म्हणून मोठेच पंखे बंद करतात, भर मे महिन्यातसुद्धा.