सल्ला हवा: पूर्वज खान्देशातून मॉरिशसला गेलेले, मूळ गाव आणि भावकी कशी शोधावी?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या मुलीची एक मैत्रीण मॉरिशसची आहे. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसतो आणि कुटुंब स्वतःला मराठीच म्हणवतं. तिच्या वडिलांनी तिकडच्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा मिळवला आहे. नाव राघो, बापाचं नाव तुका, जात कुणबी, वय २२, जिल्हा खान्देश, परगणा सावदा, गाव 'निंबोरा'. १८५०च्या दशकात मुंबईहून जहाज पकडलं. त्यांचं आजचं आडनाव 'रागू' आहे. डिसेंबरात ते जळगावला येतायत. त्याआधी गाव नक्की करायचं आहे आणि जमलं तर भावकीतलं कुणी भेटवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

केळीबाग
हे निंभोरा असणार. रावेर तालुक्यात आहे, रेल्वे स्टेशनही आहे. पण भुसावळ तालुक्यातही दीपनगरजवळ एक निंभोरा आहे. परगणा सावदा लिहिलाय म्हणजे आधी रावेरचंच बघा.

जुने_नकाशे
केळीबाग यांच्याशी सहमत. असा शोध घेणाऱ्या इतरांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण बरेच जण आजचा तालुका धरून शोधतात आणि तिथेच अडकतात.

इंग्रजी अंमलात १८१८ पासून खान्देश हा एकच मोठा जिल्हा होता, मुख्य ठाणं धुळं. मालेगाव, नांदगाव, बागलाण, कळवण हा भागही १८६९ मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत खान्देशातच होता. त्यामुळे त्याआधीच्या कागदावर 'खान्देश' असलं तरी गाव आज नाशिक जिल्ह्यात निघू शकतं. पूर्व आणि पश्चिम खान्देश १९०६ साली झाले, नंदुरबार जिल्हा तर १९९८चा. तालुक्यांचंही तसंच. जुना सावदा तालुका म्हणजे आजचा रावेर-यावल भाग, नसिराबाद म्हणजे जळगाव, पिंपळनेर म्हणजे साक्री, विरदेल म्हणजे शिंदखेडा. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून सापडेल.

मोडीवाचक
पहिली गोष्ट, 'रागू' या आडनावाने इथे काहीही शोधू नका. तिकडे गेलेल्या माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. 'रागू' म्हणजे तुमचा राघोच. इथली भावकी आज पाटील, चौधरी, महाजन, काहीही लावत असेल. तुमच्या हातात खरा धागा आहे तो 'राघो, बाप तुका' हा.

दुसरं, तिकडच्या कागदातून अजून बरंच निघेल. त्याच जहाजाने आलेल्या बाकीच्यांच्या नोंदी मागवायला सांगा. माणसं एकेकटी कमी निघायची. मुकादमाच्या मागे एका पट्ट्यातली चार-सहा जणं जायची. त्यांच्यापैकी कुणाच्या नोंदीत गावाचं नाव जास्त स्पष्ट लिहिलेलं असतं, कधी सख्खा भाऊच निघतो. मजुरीचा करार संपल्यावर काही जण परतही आले, तेही विचारा. मागाहून कुणी नातेवाईक १८६०च्या दशकानंतर गेला असेल तर त्याच्या नोंदीला फोटोही असू शकतो. तो मिळाला तर त्या कुटुंबाला केवढा आनंद होईल!

आता इकडचं. जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, फेरफार (जमिनीचा ताबा, वारस बदलल्याच्या नोंदी) त्यानंतरचे. म्हणजे राघो स्वतः त्यात सापडणार नाही. पण तो गेला तेव्हा २२ वर्षांचा होता, मागे भाऊ असतील तर त्यांची मुलं-नातवंडं १९१०-२०च्या फेरफारांत येतील. वारसाच्या नोंदींत बाप आणि आजा म्हणून 'तुका' कुठे येतो ते बघत जा. मग गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूसाठी. शाळेचं जुनं जनरल रजिस्टरही बघा. हे बरंचसं मोडीत असेल. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून जुनं दप्तर धुंडाळून स्कॅन केलं गेलं, त्यातलं काही जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मिळतं. गाव निवडून पानं चाळा. मोडी अडली तर इथे टाका, मी वाचून देईन. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही एकदा जाऊन बोला.

निवृत्त_तलाठी
वरचं सगळं बरोबर आहे, पण माझ्या मते दप्तराआधी माणसं. आणि माणसांकडे जाताना एक गोष्ट फार सांभाळा. परदेशातून कुणीतरी येतो आणि वंशावळ विचारतो म्हटल्यावर गावात पहिला विचार येतो तो जमिनीच्या हिश्श्याचा. चांगली माणसंसुद्धा मग तोंड मिटून घेतात. मी आयुष्यभर वारसनोंदी केल्या, ही भीती जवळून पाहिली आहे. म्हणून पाहुण्यांना घेऊन थेट जाऊ नका. आधी तुम्ही एकटे जा, पोलीस पाटलांना भेटा, दोन वयस्कर माणसांसमोर स्पष्ट सांगा की यांना काही मागायचं नाही, फक्त गावाचं दर्शन घ्यायचं आहे.

मग प्रत्येक घरात एक खजिना असतो तो विचारा: जात पडताळणीची फाइल. मुलांच्या अ‍ॅडमिशनसाठी लोकांनी वंशावळ काढलेली असते. ओबीसींना १९६७च्या आधीचे पुरावे लागतात, त्यामुळे आजा-पणजाचे शाळेचे दाखले, कोतवाल बुकाचे उतारे सगळं एकत्र लावलेलं असतं. एका भावकीतल्या तीन घरांच्या फायली शेजारी ठेवल्या की मागच्या चार-पाच पिढ्या उभ्या राहतात. तिथून तुकापर्यंतची एखादी पिढी म्हाताऱ्यांच्या तोंडून भरावी लागेल.

शिरपूरकर
राम राम मंडई. कुळाचार विचारलात का? आमच्याकडे श्रावणात कानबाई या खान्देशातल्या देवीचे रोट असतात. घरातल्या पुरुषांमागे मूठमूठ गहू धरतात आणि तो रोट भावकीतच खातात, बाहेर देत नाहीत. चुली वेगळ्या झाल्या, शेतं वाटली गेली, तरी रोटाला सगळे एकत्र येतात. कोण कुणाचा, कुणाचा वंश खुंटला, कोण परमुलखात गेला, हे त्या दिवशी बायका मूठ धरताना बोलतात. आमच्या आजीला अशी सात घरं तोंडपाठ होती. म्हणून गावात गेलात की पुरुषांच्या बैठकीवर थांबू नका, घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मॉरिशसच्या घरी कोणती देवी, श्रावणात काय करतात, लग्नात देवक कोणतं, हे लिहून आणायला सांगा. यावल तालुक्यातल्या मनुदेवीचं नाव निघालं तर यावल-रावेरकडचा दुवा पक्का व्हायला मदत होईल. लेवा, गुजर अशा काही समाजांत भाटांच्या वंशावळीच्या वह्या असतात, तेही विचारून ठेवा.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांशी बोललो. देवक त्यांना ठाऊक नाही. आत्याला विचारून कळवणार आहेत. जहाजावरच्या बाकीच्या नोंदींसाठी ते अर्ज करतायत. मी दिवाळीनंतर आधी रावेरच्या निंभोऱ्याला एकटाच जाऊन येतो. पण काहीच सापडलं नाही तर त्यांना आणावं का?

निवृत्त_तलाठी
जरूर आणा. भावकी नाही सापडली तरी परगणा सावदा कागदावर आहे, मुलूख तर हाच. सावद्याचा बाजार दाखवा, तापी दाखवा, गावातल्या मारुतीला नारळ फोडू द्या. एवढ्यासाठीच ती माणसं एवढा समुद्र ओलांडून येतायत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलांचा अर्ज मात्र आत्ताच द्या, डिसेंबरची वाट बघू नका. अर्जात गावाचं नाव, नमुना क्रमांक आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत ते नीट लिहा. नुसतं 'जुन्या नोंदी' लिहिलं तर अर्ज परत येतो. त्या भागात माझ्या ओळखीचे लोक आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्यांना कळवतो.