फर्मेंटरमध्ये बिअर वरून गडद, खालून फिकट. तिसऱ्या आठवड्यातही बुडबुडे चालूच

तांबडा_पांढरा
२० लिटरची बॅच. पेल एल मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्ली) ४ किलो, उकळीच्या शेवटी गुऱ्हाळाचा गूळ अर्धा किलो, सॅफएल यूएस-०५ यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तशी उतरते) १.०५२. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) पारदर्शक, साध्या खोलीत. कोल्हापूरचा मार्च कसा असतो ते सांगायला नको. पहिल्या आठवड्यात रंग दुधाळ चहासारखा होता. आता वरचे चार-पाच इंच गडद तपकिरी झालेत आणि तो पट्टा रोज खाली सरकतोय. एअरलॉक (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) दुपारी बुडबुडतो, पहाटे गप्प. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) साडेसहा ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या टक्क्यांवर, अडकलाय, म्हणजे १.०२६. अजून यीस्ट टाकू का? रंगावरून बॅच गेली समजायची का?

गुळाची_ढेप
यीस्ट टाकू नका. आधी रंगाचं बघू. यीस्ट तरंगत असतं तेव्हा ते प्रकाश विखुरतं, म्हणून द्रव फिकट आणि गढूळ दिसतो. यीस्ट खाली बसायला लागलं की वरून साफ होत जातं आणि खरा रंग दिसतो. पट्टा वरून खाली सरकतोय हीच त्याची खूण. शिवाय फूटभर जाडीतून बघितलेली बिअर नेहमीच जास्त काळी वाटते. थोडी ग्लासात काढून पांढऱ्या कागदासमोर धरा, मग ठरवा.

हवा लागून बिघडलेली बिअर वेगळी ओळखू येते: रंग राखाडी-तपकिरी, हॉप्सचा वास गेलेला, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. ते सहसा फर्मेंटेशन संपल्यावर झाकण उघडून बघितल्यानं किंवा दुसऱ्या भांड्यात ओतताना होतं. म्हणून दुसऱ्या भांड्याच्या भानगडीत पडूच नका.

गुळाचंही ऐका. पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) बहुधा हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) मारलेला असतो, आणि तो पिवळेपणा टिकत नाही. बिनरसायनाचा गूळ मुळातच काळपट, त्यानं बिअरला तांबूस झाक येणारच. गूळ गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा, चोयट्या निघतात. घालताना गॅस बंद ठेवा, नाहीतर तळाला लागतो आणि जळका रंग-वास दोन्ही उतरतात.

हायड्रोमीटरवाला
रंग झाला, आता आकडा. अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन सरळ धरायचं नसतं. १२.९ ब्रिक्सवरून सुरू झालेली बिअर साडेसहा दाखवते, तेव्हा खरी ग्रॅव्हिटी १.०१२ च्या आसपास असते. म्हणजे अडकलेलं काही नाही, काम जवळपास उरकलंय.

हायड्रोमीटरनं (द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी) खात्री करा. नमुना दोन-तीनदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतून वायू काढा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून तो वर उचलतात. २० अंशांवर जुळवलेला हायड्रोमीटर असेल आणि नमुना ३० अंशांवर असेल तर वाचनात साधारण ०.००३ मिळवा. मोजून झालेला नमुना परत ओतू नका.

एअरलॉकवर विश्वास ठेवू नका. दुपारी बिअर तापली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेच तुमचे बुडबुडे. पहाटे उलटं: आतला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ३६ अंशांचा दिवस आणि २० ची रात्र यीस्टला झेपत नाही. रोजच्या एवढ्या चढउतारात ते रात्री मंदावतं, दुपारी भलते वास सोडतं. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवा, बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. पहिले पाच दिवस १९-२०, मग २२-२३ अंश. ओलं गोणपाट उन्हाळ्यात चालतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळतच नाही, मग गारवा कुठला. वरून काळं कापड टाका. उजेड लागला की हॉप्सचा घाण वास येतो.

तांबडा_पांढरा
ग्लासात काढली, स्वच्छ तांबूस आहे, वास चांगला. हायड्रोमीटर १.०१२, दुरुस्ती धरून. वर साय किंवा तवंग नाही. आज बाटल्या भरू?

गुळाची_ढेप
थांबा. गूळ जवळपास पूर्ण खाल्ला जातो, त्यामुळे ही १.००९-१.०१० पर्यंत उतरू शकते. दोन पॉइंट (ग्रॅव्हिटीचे ०.००२) उरले तर बाटलीत कार्बन डायऑक्साइडचं एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका वायू, जास्त तयार होतं. वरून बाटलीत फेसासाठी घालायची तुमची साखर. साधी बाटली फुटायला तेवढं पुरतं.

नमुन्याची २०० मिली बिअर स्वच्छ बाटलीत घ्या, चिमूटभर कोरडं यीस्ट टाका, झाकण सैल, खोलीतच ठेवा, अधूनमधून हलवा. तीन दिवसांनी मोजा. तो आकडा शेवटचा. मोठी बॅच त्याच आकड्याला येऊन तीन दिवस स्थिर राहिली की भरा, लिटरला ६ ग्रॅम साखर. १.००४ च्या खाली जाऊन अजूनही उतरत असेल तर जंगली यीस्ट शिरलंय, बाटलीत भरायचीच नाही.

पंचगंगा_घाट
एक राहिलं. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा ठरतो. परवाना नसेल तर आधी तिकडे जा.

आणि पुढच्या बॅचला बोअरचं पाणी वापरणार असाल तर मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या मॉल्टचा) पीएच बघा. खडकातलं पाणी क्षारीय असतं, पीएच ५.८ च्या वर गेला की सालीतलं टॅनिन उतरतं, रंग गडद आणि चव तुरट. ५.३ ते ५.५ ठेवा. नळाचं असेल तर क्लोरीन घालवायला २० लिटरला कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी.