सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवर मुक्काम करायचा, तर नेमका कुठल्या टोकाला?

इंदिरानगरवासी (नाशिक)

नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघे पाच रात्रींसाठी सिंगापूरला जात आहोत. मी, माझे यजमान, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि 74 वर्षांच्या सासूबाई असा आमचा परिवार आहे. मुलीचा आणि माझा खरेदीचा उत्साह दांडगा असल्यामुळे ऑर्चर्ड रोडवरच राहावे असे जवळपास ठरले आहे. मात्र नकाशा उघडल्यावर त्या एका रस्त्यावर आणि त्याच्या गल्ल्यांत इतकी हॉटेले दिसतात, आणि प्रत्येकजण आपण “ऑर्चर्ड रोडच्या हृदयस्थानी” असल्याचे सांगतो, की कोणाचे खरे मानावे तेच कळेनासे झाले आहे.

आमच्या अडचणी स्पष्ट सांगते. सासूबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्या सपाट रस्त्यावर हळूहळू चालतात, पण चढ आणि जिने त्यांना झेपत नाहीत, आणि दुपारी दोन तास पाठ टेकल्याशिवाय त्यांचा दिवस पुढे सरकत नाही. आम्ही सगळे शाकाहारी आहोत. एका खोलीला रोज 300 सिंगापूर डॉलरपर्यंत देण्याची तयारी आहे आणि खोल्या दोन लागतील. ज्यांनी तिथे प्रत्यक्ष मुक्काम केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

दोन वर्षे तिकडे

ताई, मी नोकरीनिमित्त दोन वर्षे सिंगापुरात होतो आणि नाशिकहून आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था लावण्याचे काम आपोआप माझ्याकडे येत असे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की ऑर्चर्ड रोड ही एक जागा समजू नये. पश्चिमेला टँगलिनपासून पूर्वेला धोबी घाटापर्यंत तो सुमारे 2.2 किलोमीटर पसरला आहे आणि त्यावर मेट्रोची, म्हणजे तिथल्या भाषेत एमआरटीची, ऑर्चर्ड, सॉमरसेट आणि धोबी घाट अशी तीन स्थानके ओळीने येतात. हॉटेलला किती तारे आहेत हे पाहण्याआधी ते या तिघांपैकी कोणत्या स्थानकाच्या दाराशी आहे ते पाहावे, कारण पाच दिवसांत आपला संबंध हॉटेलच्या झुंबरांपेक्षा त्या दाराशी जास्त येणार आहे.

ऑर्चर्ड स्थानक हे झगमगाटाचे टोक आहे. 2009 साली उघडलेला आयन ऑर्चर्ड हा मॉल थेट स्थानकाच्या वर उभा आहे, आणि ताकाशिमाया व पॅरागॉन तिथून सॉमरसेटच्या बाजूला थोडे पुढे आहेत. 2022 च्या नोव्हेंबरपासून तिथे थॉमसन–ईस्ट कोस्ट ही दुसरी मार्गिकाही आल्यामुळे गार्डन्स बाय द बे या उद्यानाला गाडी न बदलता जाता येते, ही सासूबाईंच्या दृष्टीने मोठी सोय आहे. मात्र या टोकाची नामांकित हॉटेले, उदाहरणार्थ चौकातलेच मॅरियट टँग प्लाझा, आपल्या 300 डॉलरांत बसणे बहुधा कठीण जाईल.

सॉमरसेट मधोमध आहे. तरुण मुलांच्या आवडीची दुकाने तिथल्या थ्री-वन-थ्री नावाच्या मॉलमध्ये आहेत आणि तोही स्थानकाच्या डोक्यावरच आहे. तिथून धोबी घाटाकडे जाताना, राष्ट्राध्यक्षांच्या इस्ताना या निवासाच्या आसपास, मधल्या भावाची काही हॉटेले सापडतात. काँकॉर्ड आणि कॅव्हेना रोडवरचे हॉलिडे इन ही त्यांपैकी दोन. धोबी घाटाला तर तीन मार्गिका एकत्र येतात. तिथून लिटल इंडिया ही भारतीय वस्ती एकच स्थानक दूर आहे आणि सेंटोसा या सहलीच्या बेटासाठी लागणारे हार्बरफ्रंटही त्याच ईशान्य मार्गिकेवर, गाडी न बदलता गाठता येते. (नाव वाचून आपल्याला वाटते तेच खरे आहे: जुन्या काळी भारतातून आलेले धोबी तिथल्या ओढ्यावर कपडे धूत असत. “पुढील स्थानक धोबी घाट” अशी उद्घोषणा ऐकून माझे काका गाडीत मोठ्याने हसले होते.) दोष एवढाच की हे स्थानक फार खोल आणि विस्तीर्ण आहे. लिफ्ट आहेत, पण एका मार्गिकेवरून दुसरीवर जाताना बरेच चालावे लागते.

आपली गरज पाहता मी सॉमरसेटच्या बाजूने मत देईन.

पंचवटीकर

वरील माहिती उत्तम आहे, पण मूळ निर्णयाबद्दलच माझे मत वेगळे आहे. नाशिकला येणाऱ्या माणसाला गोदाघाट पाहायचा असेल तर आपण त्याला कॉलेज रोडवर उतरायला सांगत नाही, आणि कॉलेज रोडवर खरेदी करायची असेल तरी झोपायला तिथेच असावे असे काही नाही. मॉल सकाळी दहा–साडेदहाला उघडतात आणि रात्री साडेनऊ–दहाला बंद होतात. मग त्यांच्या शेजारी झोपण्यासाठी जास्तीचे पैसे का मोजावेत?

आम्ही चार वर्षांपूर्वी लिटल इंडियात राहिलो होतो. सेरांगून रोडवर 1947 पासूनचे कोमला विलास आहे, उडप्याकडे मिळावा तसा डोसा आणि थाळी तिथे मिळते, आणि सकाळी देवळातल्या घंटेचा आवाज ऐकून आमच्या आईला परदेशात आल्यासारखेच वाटले नाही. घरच्यांसाठी किरकोळ भेटवस्तू घ्यायच्या असतील तर मुस्तफा सेंटर तिथेच आहे. ऑर्चर्डच्या हॉटेलात नाश्त्याला पाच प्रकारचे मांस मांडलेले असते आणि आपण कोपऱ्यात पाव-लोणी खात बसतो.

दोन वर्षे तिकडे

पंचवटीकर, जेवणाचा मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि एकटे किंवा जोडीने जाणाऱ्यांना मीही लिटल इंडियाच सुचवतो. परंतु इथे दुपारच्या विश्रांतीचा प्रश्न आहे. आई दमल्या की एकाने त्यांना खोलीवर सोडून परत यायचे असते, आणि खोली दहा मिनिटांवर असली तरच ते पाचही दिवस निभते. माझ्या पाहुण्यांपैकी ज्यांचे हॉटेल लांब होते ते पहिल्या दिवशी परतले, दुसऱ्या दिवशी कंटाळा केला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या आजी मॉलमधल्या बाकावर पिशव्या राखत बसलेल्या मला दिसल्या.

टॅक्सीचे म्हणाल तर ऑर्चर्ड रोडच्या मुख्य भागात वाहतूक टँगलिनकडून धोबी घाटाकडे अशी एकाच दिशेने चालते. हॉटेल नकाशावर मागे तीनशे मीटरवर दिसत असले, तरी गाडीला मोठा वळसा घालूनच तिथे यावे लागते. म्हणून जिथे शेवटी दमायला होते त्या दुकानांच्या पुढच्या अंगाला, म्हणजे पूर्वेकडे, हॉटेल असणे सोयीचे पडते.

इंदिरानगरवासी

दोघांचेही आभार. पिशव्या राखणाऱ्या आजींचे वाचून यजमान माझ्याकडे बघून हसले, त्यामुळे लिटल इंडियाचा विचार निदान मुक्कामापुरता मागे पडला आहे. जेवायला मात्र नक्की जाऊ. आता आणखी एक शंका. आमच्या एका नातेवाइकांनी सुचवले की त्या भागात पाच दिवसांसाठी स्वयंपाकघरासह सदनिका भाड्याने घ्यावी, म्हणजे सासूबाईंची पोळी-भाजी घरीच करता येईल. हे शक्य आहे का?

पंधरा वर्षे आरक्षणात

माझा व्यवसाय नाशिकमध्ये प्रवासाची आरक्षणे करून देण्याचा आहे. इथे जाहिरात करायची नसल्यामुळे नाव लिहीत नाही.

सदनिकेचा विचार सोडून द्यावा. सिंगापुरात खासगी सदनिका सलग तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देणे बेकायदा आहे, आणि सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांना तर ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. संकेतस्थळावर कोणी चार दिवसांसाठी घर देऊ केले, तरी ते घेऊ नये. स्वयंपाकघर हवेच असेल तर परवाना असलेली सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलासारखी सेवा असलेल्या सदनिका, पाहावीत, पण त्यांतही कमीत कमी किती रात्री राहावे लागते ते आधी विचारावे.

आता भाड्याबद्दल, कारण सर्वांत जास्त वाद मी याच विषयावर ऐकले आहेत. सिंगापुरातील हॉटेलांचे दर अनेकदा आकड्यापुढे दोन अधिक चिन्हे लावून लिहिलेले असतात. पहिले चिन्ह 10 टक्के सेवाशुल्काचे आणि दुसरे त्या बेरजेवर लागणाऱ्या जीएसटीचे असते, जो 1 जानेवारी 2024 पासून 9 टक्के आहे. म्हणजे 250 डॉलर लिहिलेली खोली प्रत्यक्षात 299 डॉलर 75 सेंटला पडते. ताई, आपली 300 ची मर्यादा ही अशी 250 लाच संपते. दोन खोल्या आणि पाच रात्री धरल्या तर फरक जवळजवळ 500 डॉलरांचा होतो, आणि तो निघण्याच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर कळला की घरात चांगलाच रंगतो. पर्यटकांना खरेदीवरचा जीएसटी विमानतळावर परत मिळतो, त्यासाठी दुकानात किमान 100 डॉलरांची खरेदी लागते आणि हातात येताना थोडे शुल्क कापले जाते. पण तो परतावा फक्त सोबत नेल्या जाणाऱ्या वस्तूंवर आहे, हॉटेलच्या बिलावर किंवा जेवणावर नाही. दर वर्षी कोणीतरी हॉटेलचे बिल घेऊन विमानतळावर रांगेत उभे राहतेच.

दुसरे असे की मुंबईहून रात्री निघणारे विमान साडेपाच तासांत पोहोचते, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे उतरेपर्यंत सकाळचे सात-आठ वाजलेले असतात. खोली मात्र साधारणतः दुपारी तीनला मिळते. नाशिकहून दुपारीच निघालेले आणि रात्रभर जागलेले वयस्कर माणूस सात तास लॉबीत बसवणे बरे नव्हे. लवकर प्रवेशाचे आश्वासन लेखी घ्यावे, नाही तर आदल्या रात्रीचेही आरक्षण करावे किंवा दिवसाचे विमान निवडावे. “बघू, जमल्यास देऊ” याचा अर्थ शनिवारी “नाही” असाच असतो.

दोन खोल्यांबाबत शब्द जपून वापरावेत. शेजारशेजारच्या खोल्या वेगळ्या आणि मधून दार असलेल्या कनेक्टिंग खोल्या वेगळ्या. रात्री सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू यावी असे वाटत असेल तर दुसऱ्या प्रकारच्या मागाव्यात, आणि त्या मिळतील याची हमी आहे की केवळ विनंती नोंदवली आहे, तेही विचारावे. बाथटबमध्ये चढून अंघोळ करावी लागणार नाही, वेगळा सपाट शॉवर आहे, याची खात्री करून घ्यावी. माझ्या एका ग्राहकाच्या आईला एका चांगल्या पंचतारांकित हॉटेलात याच कारणाने तीन दिवस टॉवेल ओला करून अंग पुसावे लागले होते.

अभिप्राय वाचताना त्यांच्या तारखा पाहाव्यात. नावे बदलतात, मँडरिन ऑर्चर्डचे 2022 मध्ये हिल्टन झाले आणि खोल्याही नव्या झाल्या, त्यामुळे जुन्या गालिच्यांबद्दलच्या तक्रारी आज उपयोगाच्या नाहीत.

गुडघेदुखीचा अनुभवी

एक छोटी भर घालतो. ऑर्चर्ड रोड स्वतः बहुतांशी सपाट आहे, पण बाजूच्या काही गल्ल्या लगेच चढतात. पॅरागॉनमागच्या माउंट एलिझाबेथवरचे हॉटेल नकाशात मॉलला चिकटलेले दिसते, मात्र जाताना चढ आहे. स्कॉट्स रोडवरचे गुडवुड पार्कही छोट्या टेकडीवर आहे. 1900 साली जर्मनांच्या ट्युटोनिया क्लबासाठी बांधलेली ती इमारत पाहण्यासारखी जरूर आहे, पण ती बाहेरून पाहूनही समाधान होते. शिवाय नोव्हेंबर म्हणजे तिथे पावसाचे दिवस, आणि दुपारी आपल्या इगतपुरीसारखी सर कोसळते. भुयारी वाटा अनेक आहेत, पण त्या सलग नाहीत. त्यामुळे हॉटेलपासून स्थानकापर्यंतचा रस्ता छताखालून आहे का, हे अंतराइतकेच महत्त्वाचे ठरते.

पंचवटीकर

तारखांबाबत एक. आपल्याकडे सिंहस्थात खोल्यांच्या भाड्याचे जे होते तेच तिथे फॉर्म्युला वनच्या रात्रीच्या शर्यतीच्या आठवड्यात होते, पण ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असल्याने आपण वाचलात. नाताळची रोषणाई मात्र साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होते आणि संध्याकाळी फुटपाथवर मेनरोडच्या दिवाळीसारखी गर्दी उसळते. रस्त्याकडेची खोली घेऊ नये, असे मी म्हणेन.

इंदिरानगरवासी

सर्वांना मनापासून धन्यवाद. वर आलेल्या मुद्द्यांवरून मी सॉमरसेट आणि धोबी घाट यांच्यामधल्या तीन हॉटेलांना एकच पत्र पाठवले. त्यात सर्व कर धरून अंतिम रक्कम, मधून दार असलेल्या खोल्यांची हमी, सपाट शॉवर, सकाळी लवकर प्रवेश, आणि लॉबीपासून स्थानकाच्या लिफ्टपर्यंत किती पायऱ्या लागतात, असे पाच प्रश्न विचारले.

एकाचे उत्तर आलेच नाही. दुसऱ्याने “आमचे हॉटेल सर्व ठिकाणांहून जवळ आहे” असे लिहून नाश्त्याची छायाचित्रे पाठवली. तिसऱ्याकडून दोन दिवसांनी उत्तर आले. शॉवर सपाट आहे, दाराची हमी देता येते, लवकर प्रवेशाची हमी देता येत नाही, परंतु अर्ध्या दिवसाचे भाडे भरल्यास सकाळी नऊला एक खोली देऊ. आणि पुढच्या दारातून गेल्यास चार पायऱ्या आहेत, पण गाड्या थांबतात त्या बाजूच्या दाराने एकही नाही. त्या चार पायऱ्या कोणीतरी उठून जाऊन मोजल्या असणार. काल रात्री तिथलेच आरक्षण केले, सहाव्या मजल्यावर, मागच्या बाजूच्या खोल्यांचे.