आधी एक उन्हाळा भाड्यानं काढा
भाऊ, नागपूरला मिहानमध्ये (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) नोकरी आणि पुण्याहून बायको-पोरांसह येऊन राहिले, तर घर मनीषनगरला पाहायचं की प्रतापनगरला असं विचारलं तुम्ही. माझं मत विचाराल तर वर्धा रोडला धरून पहा, मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत, म्हणजे मिहानजवळ जाते, गाडी काढायचं टेन्शन नाही. मनीषनगर नवीन आहे, फ्लॅट भरपूर, पण वर्धा रोडला यायचं तर मधे रेल्वेलाइन पडते, तेव्हा एकदा संध्याकाळी सातला स्वतः गाडी चालवून पहाच.

आणि बाप्पा, टॉप फ्लोअर नका घेऊ! आम्ही घेतला होता, व्ह्यू मस्त म्हणून. मे महिन्यात रात्री नऊला नळाचं पाणी चहाला चालेल इतकं गरम, वहिनींना आत्ताच सांगून ठेवा. कूलर ठेवायला खिडकीबाहेर जागा आहे का, हे घर पाहतानाच पहायचं, पुण्याच्या माणसाला ते सुचत नाही (राग नका मानू).

अंबाझरीकडं पाहत असाल तर 23 सप्टेंबर 2023 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते ब्रोकरला नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो.