पायाखाली खजिना आहे म्हणता, मग शोधायला कोणी का येत नाही?

खडकवेडा

गेल्या दिवाळीत उदयपूरला जाणं झालं. तळी, महाल, बोटीतला फोटो सगळं उरकलं आणि एक सकाळ घरच्यांकडून मागून घेतली. तिथून चाळीसेक किलोमीटरवर जावर नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या भिंती बघाव्यात. दगडविटांच्या जागी भाजलेल्या मातीच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशी रचल्यात. जस्त काढून झाल्यावर टाकून दिलेल्या.

जस्त हा मोठा वात्रट धातू. ९०७ अंशांना त्याची वाफ होते आणि खनिजातून तो सुटा करायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे हाती येतो तोच वाफ होऊन, आणि हवा लागली की परत राख. जावरच्या लोकांनी मूस उलटी बसवली, नळी खाली काढली. वर आग, खाली गारवा. वाफ खाली उतरून थिजायची. एका भट्टीत अशा ३६ मुशी. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये. इथे तोवर काही शतकं हे काम चालू होतं.

आता मुद्दा. कर्नाटकातले धारवाडी खडक आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातले कालगुर्लीचे खडक एकाच जातकुळीचे, दोन्ही अडीच अब्ज वर्षांच्या पलीकडचे. ऑस्ट्रेलिया वर्षाला तीनशे टनांच्या आसपास सोनं काढतो. आपली हट्टीची सरकारी खाण दोन टनांच्याही खाली. कोलारला १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली, आणि २००१ च्या फेब्रुवारीत बंद झाली. सव्वाशे वर्षांत तिथून निघालं साधारण ८०० टन सोनं. तेवढं आपण हल्ली एकेका वर्षात आयात करतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खडक आहेत, भोकं पाडणारे नाहीत. आणि नाहीत कारण ज्याने शोधलं त्याला खाण मिळत नाही. २०१५ पासून ती लिलावात जाते. ज्याला सापडेल त्याला पहिला हक्क द्या, परदेशी भांडवल असलं तरी बिघडत नाही. जगात सगळीकडे हेच चालतं.

(भूगर्भशास्त्र शिकलो, पोट सॉफ्टवेअरवर भरतो. तेव्हा चुकलं तर कान धरा.)

मांडवीकाठ

कान धरते. माहेर गोव्यातलं कुडचडे, त्यामुळे खनिज संपत्ती या शब्दाची मला आठवण येते ती लाल रंगाची. शाळेचा गणवेश लाल, तुळशीची पानं लाल, दोरीवरचे कपडे धुवायच्या आधीपेक्षा लाल. सांगे-कुडचड्याच्या रस्त्यावर एकामागून एक ट्रक. आजी दवाखान्यात जायची तर रस्ता ओलांडायला अर्धा तास.

ज्या हलक्या प्रतीच्या लोहखनिजाला कोणी विचारत नव्हतं, म्हणून टेकड्यांएवढे ढिगारे पडून होते, ते बीजिंग ऑलिंपिकच्या आधी चीनने उचलायला सुरुवात केली आणि सगळ्यांच्या डोक्यात वारं गेलं. खाणी भूजलाच्या खाली गेल्या, विहिरी आटल्या. मग बेकायदा खाणींची चौकशी करणारा शहा आयोग, ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह परवानगी आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द. खाणमालक तरले. कर्ज काढून ट्रक घेतलेले माझे दोन चुलतभाऊ बुडाले. म्हणजे धूळ खाल्ली आम्ही आणि बँकेचे हप्तेही भरले आम्हीच.

तुमचा ‘पहिला हक्क’ आम्ही बघितलाय हो. पोर्तुगीजांनी वाटलेले परवाने पिढ्यानपिढ्या त्याच घरांत राहिले. २०१५ ला लिलाव आला तो काही कोणाला हौस होती म्हणून नाही.

हिशेबी

मांडवीकाठ यांच्या दुःखाबद्दल वाद नाही, पण गल्लत होते आहे. शोध वेगळा, खाण वेगळी. शोधकाम म्हणजे मनगटाएवढं भोक, एक यंत्र, चार तंबू. शंभर जागा तपासल्या तर एखादी खाणीच्या लायकीची निघते, तीही नशीब असेल तर. नव्याण्णव भोकांचा खर्च मातीत. हा जुगार बँक खेळत नाही, मोठ्या कंपन्याही फारशा खेळत नाहीत. टोरांटो आणि पर्थच्या बाजारात लोकांकडून पैसे उचलणाऱ्या छोट्या कंपन्या खेळतात. त्यांची कमाई एकच: सापडलं की हक्क विकायचा. तो हक्कच काढून घेतलात तर विकणार काय?

आपल्याकडे वाईट याहून पुढचं झालंय. जुन्या कायद्याखाली ज्यांनी पैसे घालून शोध घेतला होता, त्यांचे दावे २०१५ च्या दुरुस्तीत राखून ठेवले होते. २०२१ च्या दुरुस्तीने तेही संपवले. झालेला खर्च परत देऊ म्हणाले. जुगाऱ्याला लावलेले पैसे परत मिळाले, डाव जिंकूनही. पुढच्या वेळी तो कशाला बसेल?

२०२३ मध्ये शोध परवाना नावाचं नवं प्रकरण आलं, खोलवरच्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी. त्यात शोधणाऱ्याला पुढे खाण घेणाऱ्याच्या लिलावातल्या रकमेचा वाटा मिळतो. पण तो परवानाही उलट्या लिलावाने: जो कमीत कमी वाटा मागेल त्याला. गवंडी निवडावा तसा शोधक निवडायचा, सर्वांत स्वस्त. (पहिल्या १३ ब्लॉकांचा लिलाव मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला तो गोव्यात. कार्यक्रम ठरवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.)

जुना सर्वेक्षक

तीस वर्षं तंबूत काढली, म्हणून बोलतो. ‘भोकं पाडणारे नाहीत’ हे वाक्य जरा जपून वापरा. १८५१ पासून भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग या देशाचे नकाशे करतोय. नागपुरात बसलेलं खनिज गवेषण महामंडळ १९७२ पासून वेधनच, म्हणजे भोकं पाडायचंच काम करतंय. पृष्ठभागावर जे दिसतं ते बहुतेक बघून झालंय. कमी पडतं ते खोलीत. दोनशे-तीनशे मीटरच्या खाली. तिथे हवाई भूभौतिक सर्वेक्षण, म्हणजे विमानातून जमिनीखालचा अंदाज घेणं लागतं, आणि ते आपण राष्ट्रीय पातळीवर पद्धतशीर सुरू केलं २०१७ मध्ये. उशीर झाला, मान्य.

पण खासगी माणूस आला की शोध लागतो ही अंधश्रद्धा. हिशेबींच्या टोरांटोतल्याच बाजारात १९९७ मध्ये ब्रे-एक्स नावाचा फुगा फुटला. बोर्निओच्या जंगलात जगातला सर्वांत मोठा सोन्याचा साठा म्हणे. प्रत्यक्षात नमुन्यांत बाहेरून आणलेलं सोनं मिसळलं होतं. अब्जावधी डॉलर बुडाले, त्यात निवृत्तिवेतन निधीही होते.

आणि उत्साह सरकारी असला तरी तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीचं लिथियम आठवा. ५९ लाख टन! वाहिन्यांनी देश श्रीमंत करून टाकला. ते ५९ लाख टन लिथियम नव्हतं, लिथियम असलेला दगड होता, आणि तोही ‘अनुमानित संसाधन’, म्हणजे जी-३ पातळी, शोधाच्या चार पायऱ्यांतली दुसरी. संसाधन आणि साठा यांत तेवढाच फरक, जेवढा स्थळ सांगून येण्यात आणि अक्षता पडण्यात. शिवाय माल मातीच्या जातीच्या खडकात, ज्यातून लिथियम सोडवणं अवघड. लिलाव काढला, पुरेसे बोलीदार आले नाहीत, रद्द झाला. इथे दोष कायद्याचा की आधी भोकं पुरेशी न पाडण्याचा?

खडकवेडा

@जुना सर्वेक्षक, अक्षतांचं पटलं. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने जातं ना? पुढच्या पातळीचं वेधन सरकारने केलं नाही, खासगी माणूस अर्धवट माहितीवर बोली लावेना. मधली जागा रिकामी. तीच भरायला मी म्हणतोय.

@मांडवीकाठ, गोव्याचं लोखंड शोधावं लागलं नव्हतं, उघडंच होतं. तो प्रश्न लुटीचा होता, शोधाचा नव्हे.

मांडवीकाठ

बरं. मग शोधलेल्या खाणीवर लूट होत नाही, असं समजायचं का?

झाडीपट्टी

चंद्रपूरकडचा. इथे बोलायला मिळालं म्हणून थोडं लांबण लावतो.

टाटांचा पोलाद कारखाना पहिल्यांदा आमच्याकडे व्हायचा होता हे किती जणांना माहीत आहे? लोहाऱ्याचं लोहखनिज, वरोऱ्याचा कोळसा. खनिज उत्तम निघालं, कोळसा कामाचा निघाला नाही. आता बेत सोडतो म्हणून सांगायला दोराबजी टाटा नागपूरला सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून समोरच्या संग्रहालयात वेळ काढत बसले, आणि तिथे भिंतीवरच्या भूवैज्ञानिक नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड दिसलं. डल्ली-राजहरा. आज भिलाईचा कारखाना त्याच डोंगरांवर चालतो. नकाशामागचं काम होतं प्रमथनाथ बोस यांचं, सर्वेक्षण विभागातले. कनिष्ठ गोऱ्याला वर बसवलं म्हणून ते नोकरी सोडून मयूरभंजला गेले आणि १९०४ च्या फेब्रुवारीत त्यांनीच जमशेदजींना पत्र लिहिलं की इकडे या. म्हणून जमशेदपूर. म्हणजे नकाशा सरकारी, पैसा खासगी आणि शोधणाऱ्याला? त्याला पुतळा.

आता सुरजागड. गडचिरोलीतला एटापल्ली तालुका, लोहखनिजाचा डोंगर. खाणपट्टा २००७ चा, २०१६ च्या डिसेंबरात सत्तरच्या वर गाड्या जाळल्या, २०२१ पासून जोरात सुरू. माझा भाचा तिथे कामाला आहे, पगार वेळेवर होतो, घर बांधलं. खोटं कशाला बोलू? आणि त्याच डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत यात्रा भरते. रस्त्याने ट्रक जातात तेव्हा आष्टीपर्यंत लोक शिव्या घालतात, तेही खरं. मला कोणी विचारलं, तू खाणीच्या बाजूचा की विरुद्ध, तर मी भाच्याकडे बघू की देवाकडे?

तुमच्या सगळ्या चर्चेत एक माणूसच नाही. ज्याच्या शेतात भोक पाडायचं तो. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा म्हटलं, बारा गावांना विचारलं, बाराही नाही म्हणाली. विचारलं की उत्तर मिळतं. आमच्याकडे विचारायची वेळ येते तोवर उत्तर ठरलेलं असतं.

नुसता वाचक

अवांतर: माझ्या बंगल्याच्या प्लॉटखाली काय सापडेल? सातारा.

जुना सर्वेक्षक

बेसॉल्ट. मग बेसॉल्ट. त्याखाली अजून बेसॉल्ट. पाणी लागलं तर नशीब. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाच्या गोधडीखाली झोपलाय. खनिजं दिसतात ती गोधडी फाटलेल्या दोन टोकांना, विदर्भाच्या पूर्वेला आणि तळकोकणात. म्हणून भंडारा-नागपूरला मँगनीज आणि तुम्हाला ऊस.

हिशेबी

झाडीपट्टी यांचा मुद्दा मी टाळत नाही, पैशाच्या भाषेत मांडतो. २०१५ च्याच दुरुस्तीत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्यांच्या १० टक्के एवढी रक्कम खाणबाधितांसाठी. कागदावर उत्तम. पण लक्षात घ्या, नव्या खाणींच्या गावांना कमी, कारण लिलावाचा हप्ता राज्याला जातो. त्यात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांना खनिज हक्कांवर वेगळा कर लावायचा अधिकारही मान्य केला. गुंतवणूकदार बेरीज करतो: रॉयल्टी, लिलावाचा हप्ता, प्रतिष्ठान, वर राज्याचा कर, आणि वनपरवानगीचा अंदाज कोणालाच नाही.

बुंदेलखंडातला बंदर हिऱ्यांचा प्रकल्प बघा. रिओ टिंटोने शोधला, साडेतीन कोटी कॅरेटच्या आसपास अंदाज, बारा-तेरा वर्षं झगडून २०१७ मध्ये सगळं मध्य प्रदेश सरकारच्या हाती देऊन निघून गेले. दुसऱ्याने लिलावात घेतला, तर दोन लाखांवर झाडं जाणार म्हणून आंदोलन. एके काळी जगाला हिरे फक्त आपण पुरवत होतो. ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात सापडले तोवर दुसरं नाव घेण्यासारखं ठिकाणच नव्हतं. आता सुरतेत पैलू पाडतो दुसऱ्यांचे.

मांडवीकाठ

बक्सवाहाची, म्हणजे त्या बंदर प्रकल्पाच्या जागेवरची, ती झाडं उभी आहेत ना अजून? मग तिथल्या लोकांचं काय बिघडलं ते सांगा. ‘देशाचं नुकसान’ नको, तिथल्या लोकांचं.

आणि ‘उत्पन्न’ हा शब्द तुम्ही सगळे वापरता तोच मला खटकतो. नारळ काढला की पुढच्या वर्षी परत लागतो. खनिज काढलं की गेलं. ते उत्पन्न नव्हे, घरातलं सोनं मोडणं आहे. गोव्यात काही लोक वर्षानुवर्षं हेच सांगत न्यायालयात गेले: मोडायचंच असेल तर आलेला पैसा कायम ठेवीत टाका, व्याज सगळ्यांना वाटा, मुद्दल नातवंडांना. २०१४ च्या निकालात कायमस्वरूपी निधीची गोष्ट आली ती त्यातूनच.

खडकवेडा

दोन दिवस विचार करून लिहितोय. ‘पहिला हक्क द्या’ हे मी सुधारतो. शोधणाऱ्याला हक्क मिळावा, पण खड्डा बुजवायचे पैसे खाण सुरू व्हायच्या आधीच जमा केलेले हवेत, आणि ठेवीची कल्पना मला पूर्ण पटली. पण तांबं नको, लिथियम नको म्हणायचं आणि विजेवरची गाडी मात्र हवी, हे मला जमत नाही. आपला नकार म्हणजे चिलीतल्या किंवा काँगोतल्या कुणाच्या तरी अंगणात खड्डा.

झाडीपट्टी

ठीक. आता एकच सांगा. ग्रामसभेला कधी विचारायचं, भोक पाडायच्या आधी की खाण पक्की झाल्यावर?

खडकवेडा

आधी.

हिशेबी

मग तुमचा टोरांटोवाला येत नाही. लिहून ठेवा.

मांडवीकाठ

न आला तर न आला. खडक कुठे पळून जातोय?

हिशेबी

खडक नाही पळत, भाव पळतो. तुमचेच ढिगारे घ्या. वर्षानुवर्षं कवडीमोल होते, एकदा भाव आला.

मांडवीकाठ

तो आला तेव्हा काय झालं ते वर लिहिलंय मी. परत वाचा.