नसेत करंट असतो तर मण्यारचं विष त्याला अडवतं कसं?

पन्हाळा_साईड:
बारावीला आहे, कोल्हापुरात रूम करून राहतोय. आमच्या गावात एकाला रात्री झोपेत मण्यार चावला, दुखलं नाही काय नाही, पहाटे बघतोय तर पापण्या उचलंनात, मग बोलता येईना, श्वास घेता येईना, व्हेंटिलेटरवर ठेवलेलं, आता बरा आहे. तो म्हणतोय मला सगळं ऐकू येत होतं फक्त हलता येत नव्हतं. क्लासमध्ये शिकवलंय की नसेतला सिग्नल इलेक्ट्रिकल असतो. मग विषानं करंट बंद पाडला का? आणि मेंदू कसा काय चालू राहिला?

फिजिओ_राजारामपुरी:
भावा करंट बंद पडतच नाही, तिथंच सगळी गंमत आहे. न्यूरॉन, म्हणजे नसेची पेशी, शांत असताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनं निगेटिव्ह असते. पेशीच्या पडद्यातला पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो आणि पोटॅशियम सारखं बाहेर झिरपत राहतं, म्हणून. व्होल्टेज उणे ५५ च्या आसपास चढलं की सोडियमची चॅनल, म्हणजे पडद्यातली दारं, धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं, मिलिसेकंदभरात चॅनल बंद, मग पोटॅशियम बाहेर पडून परत पहिल्यासारखं. तोवर पुढच्या तुकड्यातली चॅनल उघडलेली असतात, असं करत सिग्नल टोकाला पोचतो. हॉजकिन आणि हक्सलेनी स्क्विड ह्या समुद्री प्राण्याच्या जाड ॲक्सॉनवर (नसेच्या लांब धाग्यावर) हे मोजून १९५२ मध्ये गणितात बसवलं, १९६३ चं नोबेल त्याचंच.

पण नस स्नायूला चिकटलेली नसते, मधे बारीक फट आहे, आणि ती करंटला ओलांडता येत नाही. टोकात कॅल्शियम शिरतं, मग तिथल्या बारीक पिशव्या फुटून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन फटीत पडतं, ते पलीकडं स्नायूवरच्या रिसेप्टरवर (ते पकडणाऱ्या जागेवर) बसलं की स्नायू हलतो. मण्यारचं विष मुख्यतः हे टोकच खराब करतं, पिशव्या संपतात. करंट येतोय, पुढं द्यायला रसायन नाही. विष मेंदूत शिरत नाही म्हणून माणूस आतून जागा.

फवारणी_वाला:
ह्याच्या बरोबर उलटं उसावर, भाजीवर मारायच्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांचं. फटीतलं ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम ते अडवतात, मग ते साचतच जातं, लाळ, घाम, बाहुल्या बारीक, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासच जातो. म्हणून सांगतोय, मास्क आणि हातमोजे घालूनच मारा रे, वाऱ्याच्या उलट्या दिशेला उभं राहून तर अजिबात नको.

पन्हाळा_साईड:
आत्ता कळलं. मग खरोखर करंटच अडवणारं काय आहे? आणि नाग चावला तरी असंच होतं का?

फिजिओ_राजारामपुरी:
करंट अडवतं ते दाताच्या डॉक्टरचं बधिर करायचं इंजेक्शन, लिग्नोकेन, ते सोडियम चॅनलच बंद करतं. नागाचं विष फटीच्या पलीकडं रिसेप्टरवर जाऊन बसतं, म्हणून नाग चावलेल्याला निओस्टिग्मिन नावाचं औषध देऊन ॲसिटिलकोलिन वाढवलं की बऱ्याचदा फरक पडतो. मण्यारला त्याचा फारसा उपयोग नाही, सोडायला टोकच धड नसतं ना. अँटिव्हेनम, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन, रक्तात फिरतं विष पकडतं, ते लवकर मिळालं पाहिजेच, पण खराब झालेली टोकं त्यानं दुरुस्त होत नाहीत, ती नव्यानं फुटायला दिवस, कधी आठवडे जातात. तुमच्या गाववाल्याला व्हेंटिलेटरनं तेवढा वेळ काढून दिला.